चार जीबीच्या पलीकडे

पेण, ६ जानेवारी २०२५

प्रिय जनू, आशीर्वाद.

चिमीचं लग्न ठरलं. पंधरा फेब्रुवारीला हळद, वांगणीला आपल्या भावकीच्या अंगणात. दुसऱ्या दिवशी लग्न.

मामाने आता कागद कशाला काढला, म्हणशील. माझे कान गेले, फोनवर बोलणं संपलं. मेसेज करायचा तर चिमीच्या फोनवर, आणि हे तिला कळता कामा नये. पोस्टमन येतो तेव्हा ती हॉस्पिटलात ड्यूटीवर असते. म्हणून पत्र.

मांजर्लीच्या खोलीची चावी तुझ्याकडे आहे. पोटमाळ्यावर गोधडीत बांधलेला माझा अमिगा आहे. जाड्या कीबोर्डसारखा दिसतो, पण आत पूर्ण कॉम्प्युटर आहे. उल्हासनगरच्या व्हिडिओवाल्यांना लग्नाच्या कॅसेटींची टायटलं मी त्याच्यावर करून द्यायचो. त्यात एक छोटी हार्ड डिस्क आहे आणि तिच्यात ‘राजा’ नावाची फाईल.

तुझी राजामामी धवलारीण होती. आपल्या आगरी लग्नांत धवला गाऊन तिने अर्ध्या तालुक्याची लग्नं लावली. चिमी जेमतेम चालायला-बोलायला लागली होती तेव्हा ती गेली. पोरीला आईचा आवाज आठवत नाही. त्या काळी लग्नाच्या प्रत्येक शूटिंगवर सिनेमाची गाणी चढवायची पद्धत होती, मूळ आवाज पुसून. त्यामुळे कुठल्याच कॅसेटीवर राजाबाई नाही. एक धवला तेवढा मी मशीनमध्ये भरला होता. तेवढाच उरलाय. हळदीला तो वाजला पाहिजे.

मशीन चालू कर, आवाज आहे का बघ, आणि कळव. दुसरं काही करू नकोस. हे वाक्य दोनदा वाच.

तुझा,
हरिचंद्रमामा

---

मांजर्ली, बदलापूर, १४ जानेवारी

ती. मामा, नमस्कार.

पत्र आलं तेव्हा मी निघायच्या तयारीत होतो. रत्नागिरीकडे एक जण आंब्याच्या बागेत राखणीला बोलावतोय. पण चिमीताईची हळद म्हटल्यावर थांबलो. बाग काय, पुढच्या वर्षीपण असेल.

मशीन काढलं. गोधडीत उंदराने बाळंतपण केलेलं, पण मशीन टकाटक. खालच्या नूतनवहिनींचा जुना टीव्ही आणला. त्या बोलल्या, “जनू, टीव्ही परत येणार का तूच जाणार?” लावला, आणि मामा, चालू झालं! ‘राजा’ वाजवली. मामीचा आवाज! दोन ओळी ऐकल्या आणि तेवढ्यात डिस्क किर्रर करायला लागली, सुकलेल्या रहाटासारखी. म्हटलं, ही आता मरते.

तुम्ही बोललात दुसरं काही करू नको. पण डोळ्यांसमोर मरू कशी देऊ? तशीच उल्हासनगरला नेली, कॅम्प तीनमध्ये धर्मेशकडे. जुन्या लॅपटॉपचं सामान विकतो तो. जाताना जीन्सवाल्यांच्या गल्लीत अर्धा दिवस गेला. एक माणूस पँटींना वाळूचा फवारा मारून जुन्या करतो. नवीन पँट जुनी करायचे पैसे घेतात, तुम्ही बघायला पाहिजे होतं. असो. धर्मेशने ऐंशी जीबीची डिस्क दिली. आपली किती, तर एकशेवीस एमबी! जुनी ठेवून घेतली त्याने, बदल्यात. त्याच्याकडेच एका केबलवर दोन्ही लावून सगळं नवीनवर उतरवलं. घरी मशीनमध्ये बसवली. आवाजच नाही करत, एकदम शहाणी.

एक गंमत. ‘किती जागा शिल्लक’ विचारलं तर मशीन उणे आकडा दाखवतंय. रिकामी जागा उणे कशी असेल? म्हातारं बावचळलंय जरा, एवढी जागा कधी बघितली नसेल.

आता एवढी जागा आहे तर वाया का घालवा? अंबरनाथचा विनीत जुने गेम लॅपटॉपवर खेळतो. रविवारी तो मला मेमरी कार्डात हजारभर गेम भरून देणार आहे. तुमचं मशीन परत तरुण करतो बघा.

तुमचा,
जनू

---

पेण, १७ जानेवारी

जनू,

हे पत्र स्पीड पोस्टाने टाकतोय. रविवारच्या आत मिळो.

गेम भरू नकोस. एकही नको.

उणे आकडा ही गंमत नाही. ते मशीन बनलं तेव्हा एवढी डिस्क कुणी पाहिली नव्हती. त्याला चार जीबीपर्यंतच मोजता येतं. पुढच्या जागेवर लिही म्हटलं की ते मोजत मोजत फिरून सुरुवातीला येतं आणि आधी जे असेल त्यावरच लिहितं. अडत नाही, ओरडत नाही. तुला वाटतं सगळं नीट भरलं. नव्व्याण्णव साली सहा जीबीच्या डिस्कवर माझी सगळी टायटलं अशीच गेली होती.

आणि अरे, एका धवल्याला जागा किती लागते? एका फ्लॉपीत मावतो तो. तुला ऐंशी जीबी कशाला हवे होते?

दोन कामं कर. जुनी डिस्क धर्मेशकडून परत आण. आणि मशीनमध्ये आवाजाचा प्रोग्रॅम आहे, त्यात ‘राजा’ उघडलीस की पडद्यावर आवाजाची नागमोडी रेघ दिसते. तिचा फोटो काढून मोठ्या कागदावर छापून पाठव. पूर्ण रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला ऐकू येत नाही, पण राजाबाईची रेघ मी ओळखतो.

मामा

---

मांजर्ली, २२ जानेवारी

ती. मामा,

पत्र सोमवारी मिळालं. घाबरू नका. रविवारी विनीतकडे गेलो होतो, पण वाटेत अंबरनाथच्या शंकराच्या देवळात बसलो तर तिथे एक शिल्पं मोजणारा बाबा भेटला. मोजतो, विसरतो, परत मोजतो. त्याच्यासोबत संध्याकाळ झाली. गेमचं म्हणाल तर थोडेसे भरले असतील. नवीन आता एकही भरणार नाही, शपथ.

‘राजा’ परत वाजवली. पहिली ओळ खणखणीत! जशीच्या तशी. म्हणजे काही बिघडलेलं नाही. तुम्ही उगाच टेन्शन घेता.

रेघेचा फोटो स्टेशनच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतला, सोबत जोडलाय. तो विचारत होता, हा कुणाचा ईसीजी? मी बोललो, मामीचा. त्याने पैसेच घेतले नाहीत.

जुन्या डिस्कचं बघतो या आठवड्यात. धर्मेश कुठे पळून जातोय?

तुमचा,
जनू

---

पेण, २५ जानेवारी

जनू,

फोटो मिळाला. खिडकीत उन्हाला धरून सकाळभर पाहिला.

डावीकडचा अर्धा राजाबाईचा आहे. ती ओळ उचलायची ती हळूच, मग फुगत जायची, आणि शेवटी श्वास घ्यायला थांबायची तिथे रेघ बारीक होते. सगळं आहे.

उजवा अर्धा तिचा नाही. तिथे रेघ वर-खाली सगळीकडे सारखी ठासून भरलेली आहे, श्वासाला जागा नाही. माणूस असा गात नाही. कुणीच नाही. तो तुझा कुठलातरी गेम आहे.

तू पूर्ण ऐकलंस का कधी? की पहिली ओळ ऐकून उठलास?

आता मी न सांगितलेली गोष्ट सांगतो. मला त्या उजव्या अर्ध्याचंच महत्त्व होतं. धवला भरायला राजाबाई माइकसमोर बसली तेव्हा चिमी मांडीजवळ होती. मधेच तिने माइकची वायर ओढली. राजाबाई गाता गाता थांबली आणि ओरडली, “ए चिमे, सोर ती वायर!” आणि लगेच पुढची ओळ उचलली. आपल्या बोलीतला ‘सोर’. चिमी आता हॉस्पिटलात राहून ‘सोड’ म्हणते. कुणाला ऐकवायचं झालं तर मी पहिला अर्धाच वाजवायचो, म्हणून हे कुणी ऐकलेलं नाही. त्या जागी चित्रात आधी सपाट पट्टी असते आणि मग एक उंच रेघ. तेवढ्याचसाठी मी तुला फोटो मागितला होता.

आईने तिला नावाने हाक मारलेली जगात तेवढीच एक उरली होती, जनू.

जुनी डिस्क कुठे आहे?

मामा

---

मांजर्ली, २९ जानेवारी

मामा,

पूर्ण ऐकलं. मध्यावर मामीचा आवाज कापला जातो आणि मग खरखर, खरखर, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी. शेवटपर्यंत. मी सुरुवात ऐकून उठायचो, दर वेळी. गेम थोडेसे नव्हते भरले. विनीतचं अख्खं कार्ड ओतलं होतं. त्याच्या लॅपटॉपवर असलं काही होत नाही, त्यालाही माहीत नव्हतं. खोटं लिहिलं तुम्हाला.

तडक धर्मेशकडे गेलो. तो चहा पीत होता. “वो डिस्क? वो तो भाई गोणी में गयी. छोटी डिस्क कौन लेता है?” मी कॉलर पकडणार होतो त्याची. तो बोलला, “साईं, गरम मत हो. सुंदराबाईके पास जा, आज तोडती होगी.”

सुंदराबाई वालधुनी नाल्याच्या कडेला पत्र्याखाली बसते. डिस्का उघडायच्या, लोहचुंबक एका डब्यात, ॲल्युमिनियम एका गोणीत. समोर चकत्यांचा ढीग, आरशासारख्या चमकतात. मी न विचारता गोणीत हात घातला तर तिने स्क्रूड्रायव्हर उगारला.

“ए लांब! बापाचा माल हाय का?”

“मावशी, एक छोटी डिस्क आहे. जुनी. वरती पेनने टायटल लिहिलंय.”

“सगळ्याच जुन्या हायत. नवीन कोण देतंय मला? काय हाय त्यात? बायकोचे फोटू?”

“मामी आहे. मेलीय. तिचा आवाज आहे.”

तिने माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या मांडीकडे. मामा, ती तिच्या मांडीवर होती. दोन स्क्रू काढून झाले होते, तिसऱ्यात टोक अडकवलेलं. वर तुमच्या अक्षरात ‘टायटल’.

“मेलेल्या माणसाला असं बाजारात इकतात का रं?” एवढंच बोलली. दोन्ही स्क्रू परत आवळून दिले तिने. एक पैसा घेतला नाही, आणि घेतला असता तर बरं झालं असतं.

डिस्क आणली. मशीनमध्ये लावली. फिरत नाही. किर्र पण नाही. आधी निदान ओरडत तरी होती.

हळद पंधरा-सतरा दिवसांवर आलीय. एक विचार आला, रागावू नका. वांगणीला संजीवनीताई आहेत, त्याही धवलारीण, आवाज भारदस्त. त्यांच्याकडून तेच वाक्य म्हणवून भरून घेतलं तर? ताईला आईचा आवाज आठवत नाही, तुम्हीच लिहिलंय. कुणाला कळणार?

जनू

---

पेण, १ फेब्रुवारी

जनू,

कुणाला कळणार, ते सांगतो. मला ऐकूच येत नाही, माझ्यापुढे तू कुणाचाही आवाज वाजव. पण अंगणात ज्या म्हाताऱ्या बसतील त्यांच्या प्रत्येकीच्या लग्नात राजाबाई गायली आहे. आणि चिमीला आठवत नाही म्हणजे कानाला आठवत नाही, असं मी मानत नाही. नसलं तर नसू दे. दुसरीचा आवाज नको.

रागावलो नाही. आता कामाचं ऐक.

डिस्क थंडीने आणि वयाने चिकटली असेल. वाचणारा हात चकतीला धरून बसतो. तासभर उन्हात ठेव, कडक उन्हात नको, कपडे सुकतात तशा उन्हात. मग सपाट तळहातावर घे आणि मनगटाने चटकन एक हिसका दे, चकती ज्या बाजूला फिरते त्याच बाजूला, ताटलीतली भाकरी फिरवतात तसा. आपटू नकोस. लगेच लाव. फिरली तर एकदाच फिरेल असं धरून चाल.

फिरली की ‘राजा’ सोडून कशालाही हात लावू नकोस. वाजवून बघू नकोस. सरळ फ्लॉपीवर घे. पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात कोऱ्या फ्लॉप्या आहेत. मध्ये वाचता येत नाही असं मशीन म्हणालं तर ‘परत प्रयत्न कर’ दाबत राहा. उठू नकोस, जनू. या वेळी शेवटपर्यंत बस.

मामा

---

मांजर्ली, ६ फेब्रुवारी

मामा,

पहिल्या दिवशी हिसका दिला, काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. नूतनवहिनी बोलल्या, गच्चीत बसून हातावर काय फिरवतोस, वेड लागलं का. आज दुपारी तिसऱ्यांदा दिला आणि लावली, आणि ती कण्हली. मग गूं गूं करत फिरली!

फ्लॉपी लावली. फाईल उचलली. पट्टी सरकायला लागली. अर्ध्यावर थांबली. ‘वाचता येत नाही.’ परत. ‘वाचता येत नाही.’ परत. बोट दुखलं. खाली विनीत हॉर्न मारत होता, दोस्ताची बाईक आणलीय, माळशेजला जाऊ. मी खिडकीतही गेलो नाही. परत, परत, परत. मग एकदम सरकली थोडी. मग अडली. मग सरकली. शेवटाला पोचायच्या आत डिस्कमधून टक, टक, टक आवाज आला आणि चकती थांबली. आता ती गेली. परत फिरणार नाही, मला हातालाच कळलं.

फ्लॉपीवर किती आलंय, माहीत नाही. शेवट नाही एवढं नक्की. मधलं आहे का, ते ऐकायची हिंमत होत नाहीये. रेघ उघडून फोटो काढला, छापून आणला, तोही नीट बघितला नाही. सोबत आहे. तुम्हीच बघा. फ्लॉपीच्या दोन कॉप्या केल्यात, एक वहिनींच्या देव्हाऱ्यात ठेवलीय.

जनू

---

पेण, ९ फेब्रुवारी

जनू,

शेवटचा तुकडा नाही. चालेल.

मध्ये सपाट पट्टी आहे. तिच्यानंतर एक उंच रेघ आहे.

मशीन घेऊन हळदीला ये.

मामा

---

पेण, १९ फेब्रुवारी

प्रिय जनू,

कुठे गेलास तू? जेवायला बसलेले उठले तरी तुझा पत्ता नाही. मशीन, टीव्ही, सगळं टाकून गेलास. नूतन टीव्ही मागतेय. हे पत्र तिच्याच पत्त्यावर पाठवतोय, ती तुला शोधून काढेल.

मी जे पाहिलं ते लिहितो, कारण मी फक्त पाहूच शकतो. चिमी पाटावर बसली होती. बायका हळद लावत होत्या. तू बटण दाबलंस. आधी म्हाताऱ्यांच्या माना वळल्या. मग कडेच्या सुभद्रावहिनीचे ओठ हलायला लागले, मग बाकीच्यांचे, म्हणजे राजाबाई गात होती आणि त्या मागून धरत होत्या. मला एकेक ओळ त्यांच्या तोंडावर दिसत होती. चिमीने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं.

मग सगळे ओठ थांबले. मला वाटलं, मशीन बंद पडलं. तुझ्याकडे बघितलं तर तू घामाने भिजलेला. आणि एकदम सगळ्या बायका दचकल्या. मी समजलो. ती ओरडली.

मी चिमीकडे बघितलं. तिच्या मुठीत तांदूळ होते. मूठ उघडली, तांदूळ खाली पडले. आणि ती काहीतरी म्हणाली. छोटंसं. मला ओठ वाचता येतात, पण तेवढ्यात तिने हळदीचा हात तोंडावर नेला.

मागाहून मी तिला पाटीवर लिहून विचारलं. तिने ‘काही नाही बाबा’ लिहिलं आणि पाटी पुसली. तू अगदी जवळ होतास. तू ऐकलं असशील.

काय म्हणाली ती?

मामा

---

जांभूळ, २७ फेब्रुवारी

ती. मामा,

वहिनींनी शोधलं मला. इथे पाण्याच्या टाकीला रंग मारायचं काम लागलंय, आठवडाभर आहे. टीव्ही रविवारी नेऊन देतो.

मी पळालो कारण तिथे सगळ्यांसमोर रडायला आलं असतं, आणि भावकीतली पोरं प्रत्येक लग्नात वर्षभर चिडवत बसली असती.

ऐकलं मी. सगळ्यांनी नाही ऐकलं, बायका हसायला लागल्या होत्या. मामी ओरडली, आणि ताईने मान वर न करता, लहान पोर उत्तर देतं तसं लगेच दिलं. ‘सोडली’ नाही बोलली.

बोलली, “सोरली गो, आये.”

तुमचा,
जनू